वर्गात पाच मिनिटांचं भाषण आहे, विषय आपणच निवडायचा आहे. सगळे ऐकतील असा विषय कसा निवडावा?

तुम्ही लिहिलंय की बेळगावात पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला आहात, मराठीच्या तासाला पाच मिनिटं बोलायचंय, सरांनी विषय मोकळा ठेवलाय आणि ‘मोबाईल : शाप की वरदान’, ‘शिवाजी महाराज’ की ‘सीमाप्रश्न’ यांत अडकला आहात. शेवटी एक वाक्य टाकलंय : बेळगावात तसं बोलण्यासारखं काही नाही, म्हणून बाहेरचा मोठा विषय शोधतोय. मी उत्तर लिहायला बसलो ते या वाक्यामुळे. इथल्या वक्तृत्व स्पर्धांना परीक्षक म्हणून बसतो तेव्हा हेच वाक्य पालकांकडून, मार्गदर्शकांकडून ऐकायला मिळतं, आणि ते मला अजिबात मान्य नाही.

आधी तुमचे तीन विषय. मोबाईल सोडून द्या. तुमचं पुढचं वाक्य काय असणार हे वर्गातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, आणि पुढचं ठाऊक असलं की माणूस ऐकायचं थांबतो. शिवाजी महाराज हा विषय पाच मिनिटांत मावत नाही. 1630 चा जन्म ते 1674 चा राज्याभिषेक गाठायला पोरं धावत सुटतात, अफझलखान दोन वाक्यांत मरतो आणि आग्र्याहून सुटका एका वाक्यात होते. महाराजांवर बोलायचंच असेल तर एक गड, एक पत्र, एक दिवस धरा. सीमाप्रश्नावर पुढे येतो, त्याला वेगळं सांगावं लागेल.

विषय एका शब्दात सांगता येत असेल तर तो अजून तयार झालेला नाही असं समजा. क्रियापद असलेल्या एका पूर्ण वाक्यात तो मांडता आला पाहिजे, आणि ते वाक्य ऐकून समोरच्यानं ‘म्हणजे?’ किंवा ‘का?’ असं विचारलं पाहिजे. हे नुसतं सांगून कळत नाही, म्हणून एकच विषय घेऊन तो कसा घासायचा ते पूर्ण दाखवतो.

समजा कोणी म्हणालं, ‘मी महात्मा गांधींवर बोलतो.’ हा विषयच नाही. 2 ऑक्टोबरला हे भाषण पहिलीपासून सगळ्यांनी ऐकलेलं आहे. थोडं घासलं की येतं ‘1924 चं बेळगाव अधिवेशन’. बरं झालं, पण अजून मोठंच आहे. 26 आणि 27 डिसेंबर 1924 ला टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष होते, आणि काँग्रेसच्या अधिवेशनाचं अध्यक्षपद त्यांनी आयुष्यात एवढ्या एकदाच भूषवलं. गंगाधरराव देशपांडे यांनी सगळी उभारणी केली. 2024 मध्ये शंभरी झाली तेव्हा शहरभर रोषणाई होती, त्यामुळे एवढं तर तुमच्या वर्गाच्या कानावरून गेलेलं आहेच. इथवरची माहिती सांगत बसलात तर मागच्या बाकावरची मुलं वही काढून चित्रं काढायला लागतील.

आता आणखी आत जा. त्या अधिवेशनात काँग्रेसच्या सभासदत्वाचा नियम बदलला. आधी वर्षाला चार आणे वर्गणी होती. बेळगावात ठरलं की सभासदानं पैशाऐवजी सूत द्यायचं, दर महिन्याला 2000 वार, स्वतः कातलेलं. इथे विषय सापडला. वाक्य असं करा : ‘बेळगावात गांधीजींनी काँग्रेसच्या सभासदांकडून वर्गणी म्हणून दर महिन्याला 2000 वार सूत मागितलं.’ हे ऐकल्यावर कोणीही विचारेल, 2000 वार म्हणजे किती? ते लोकांनी दिलं का? हे दोन प्रश्न म्हणजेच तुमचं भाषण.

पहिला प्रश्न वर्गातच सोडवून दाखवायचा. 2000 वार म्हणजे साधारण 1830 मीटर. हा आकडा तोंडानं सांगितला तर हवेत जातो. शिलाईचं एक रीळ आणा. रिळावर मीटर छापलेले असतात. 100 मीटरचं असेल तर महिन्याला अठरा रिळं आणि वर थोडं. वर्गाची लांबी आदल्या दिवशी पावलांनी नव्हे, टेपनं मोजा. आठ मीटर भरली तर दोरा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोनशे अठ्ठावीस वेळा जाईल. दोरा वर्गाच्या लांबीएवढा आधीच तोडून पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळून ठेवा, दोन मित्रांच्या हातात दोन टोकं द्या, आणि मग आकडा सांगा. भाषणाच्या वेळी रीळ सोडायला गेलात तर गुंता होतो, सगळे हसतात आणि अर्धं मिनिट तिथेच जातं. शिवाय ‘गांधीजींना असाच दोरा हवा होता’ असं म्हणू नका. रिळातला दोरा गिरणीतला, दोन-तीन पदर पिळून केलेला असतो. चरख्याचं सूत एकेरी, शिकाऊ माणसाच्या हातून वारंवार तुटणारं. हा फरक एका वाक्यात सांगितला की तुम्हाला विषय खरंच कळलाय हे मास्तरांना लगेच समजतं. रोजचा हिशेब करायचा तर दिवसाला 67 वारांच्या आसपास येतो. गांधीजींचा आग्रह रोज अर्धा तास कातण्याचा होता.

दुसऱ्या प्रश्नात खरी गंमत आहे, आणि बहुतेक वक्ते तिथवर पोचतच नाहीत. नियमात एक वाट ठेवलेली होती. आजारपण, अनिच्छा किंवा तसंच काही कारण असेल तर दुसऱ्यानं कातलेलं तेवढंच सूत दिलं तरी चालेल. अनिच्छा हे कारण नियमातच लिहिलेलं! ते आलं कुठून? नोव्हेंबर 1924 मध्ये गांधीजी, चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरू यांच्यात कलकत्त्याला समझोता झाला होता. दास आणि नेहरू स्वराज्य पक्षाचे. त्यांना कायदेमंडळात जाऊन लढायचं होतं, सगळ्यांनी चरख्यावर बसावं हे त्यांना पटत नव्हतं. पक्ष फुटू नये म्हणून दोन्ही बाजूंनी थोडं थोडं सोडलं आणि तोच समझोता बेळगावात मान्य झाला. पुढे सूत देणारे सभासद हवे तेवढे मिळाले नाहीत, आणि सप्टेंबर 1925 मध्ये पाटण्याच्या बैठकीत चार आण्यांचा पर्याय परत आला.

आता वर्गाकडे वळून विचारा : तुम्ही त्या वेळी सभासद असता तर स्वतः कातलं असतं की दुसऱ्याकडून आणून दिलं असतं? प्रॅक्टिकलची जर्नल कोण कुणाची उतरवतं हे वर्गातल्या प्रत्येकाला माहीत असतं, त्यामुळे हा प्रश्न त्यांना थेट लागतो. त्याचं उत्तर तुम्ही देऊ नका. ‘म्हणून आपण सर्वांनी खादी वापरूया’ असं म्हणून संपवलंत तर आधीची साडेचार मिनिटं पुसून जातात.

वेळेची वाटणी अशी ठेवा. पहिली तीस सेकंद दोरा आणि विषयाचं वाक्य. पाऊण मिनिट कुठे, कधी, कोण. दीड मिनिट नियम आणि 2000 वारांचा हिशेब. एक मिनिट ती पळवाट. पाऊण मिनिट पाटण्यापर्यंत काय झालं. शेवटची तीस सेकंद प्रश्न. मराठी बोलताना मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्द नीट ऐकू जातात. म्हणजे पाच मिनिटांना पाचशे होतात, पण दोरा धरायला आणि थांबायला वेळ लागतो म्हणून साडेचारशेच लिहा. वहीची तीन पानं समजा. आठशे शब्द लिहून ते पाठ करणारी मुलं चौथ्या मिनिटाला घंटी वाजली की गांगरतात आणि विषयातला सगळ्यात चांगला भाग, जो शेवटी ठेवलेला असतो, तोच राहून जातो. वर्गात जाताना पूर्ण भाषण हातात नको. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पहिलं वाक्य पूर्ण, शेवटचं वाक्य पूर्ण आणि मध्ये तीन आकडे लिहा. तीनच. चौथा आकडा आला की पहिला विसरला जातो.

याच विषयात एक चूक हमखास होते, ती इथेच सांगतो. ‘गांधीजी बेळगावात एकदाच आले’ असं ठोकून दिलं जातं. अध्यक्ष एकदाच झाले हे खरं. बेळगावात ते 1916 च्या प्रांतिक परिषदेलाही आले होते. त्याच वेळी टिळकांनी इथे होमरूल लीग ही स्वराज्य मागणारी संघटना स्थापन केली. वर्गात एखाद्याच्या घरी हे माहीत असलेले आजोबा असतात, आणि ते पोर हात वर करतं.

आता विषय पारखायचा कसा? मधल्या सुट्टीत चार-पाच जणांना दोन प्रश्न विचारा. पहिला : ही जागा, वस्तू किंवा माणूस माहीत आहे का? दुसरा : ती तशी का आहे? पहिल्याला ‘हो’ आणि दुसऱ्याला गप्प, असं झालं की विषय पक्का करा. काँग्रेस विहीर माहीत आहे का? हो, त्या रस्त्यानं तर रोज येतो की. कशासाठी खणली? गप्प. (अधिवेशनाला येणाऱ्यांच्या पाण्यासाठी.) दोन्हीला ‘हो’ आलं तर कंटाळा. दोन्हीला ‘नाही’ आलं तर पार्श्वभूमी सांगण्यातच दोन मिनिटं संपतात आणि मुद्दा उपाशी राहतो. कृत्रिम बुद्धिमत्ता, जागतिक तापमानवाढ वगैरे विषय वर्गात पडतात ते याचमुळे. विषय वाईट नसतात, पण तुमच्या आणि वर्गाच्या हाताला लागतील असे नसतात. तापमानवाढ घ्यायचीच तर खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या भातलावणीची तारीख घ्या आणि त्या गावातल्या दोन शेतकऱ्यांशी बोला.

आणखी एक पारख : त्या विषयावर एक वाचायची आणि एक विचारायची जागा आहे का ते बघा. वाचायला गणपत गल्लीतलं सार्वजनिक वाचनालय आहे, 1884 चं बेळगाव जिल्ह्याचं गॅझेटियर आहे. विचारायला घरचे, गल्लीतले, बाजारातले. दोन्ही असतील तरच घ्या. मोबाईलवर आलेली फॉरवर्ड ही यातली कुठलीच जागा नाही.

सीमाप्रश्न. या विषयाबद्दल मला आस्था आहे म्हणूनच सांगतो, वर्गात तो आवाज चढवून घेऊ नका. तुम्ही ‘अन्याय’ म्हणाल, मराठी मुलं टाळ्या वाजवतील, कन्नड घरातली मुलं खाली बघतील, आणि कोणालाही नवं काही कळणार नाही. घोषणा वर्गाबाहेर रोज ऐकू येतात. घ्यायचाच तर तोही घासा. 1 नोव्हेंबर 1956 ला भाषावार राज्यरचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, 1966 मध्ये सीमेचा वाद सोडवायला महाजन आयोग नेमला, 1967 मध्ये त्याचा अहवाल आला, 2004 मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला, इतकं सगळं पाच मिनिटांत सांगू नका. एकच धरा : महाजन आयोगानं बेळगाव शहर तेव्हाच्या म्हैसूर (आताच्या कर्नाटक) राज्यातच ठेवायला सांगितलं, पण निपाणी, खानापूर, नंदगड धरून 264 गावं महाराष्ट्राला आणि 247 गावं म्हैसूरला द्यावीत असंही म्हटलं. अहवालाचं नाव घेऊन भांडणाऱ्या दोन्ही बाजूंच्या पोरांनी हे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहिलेले नसतात. मग प्रश्न विचारा की कोणी काय मानलं आणि काय नाकारलं. असं केलं तर सगळा वर्ग ऐकतो, अगदी तुमच्याशी न पटणारासुद्धा. तरी हा विषय घेण्याआधी सरांना विचारा. 1 नोव्हेंबरच्या आसपास तर टाळाच.

बाकी विषय चटकन सांगतो, कारण तुम्ही नावं मागितली होती. किर्लोस्कर रोडवरून सगळे जातात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात 1888 मध्ये सायकलीचं दुकान काढलं, मग कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर केले. लोखंडानं जमीन विषारी होईल या भीतीनं शेतकरी नांगर घेत नव्हते. पुढे नगरपालिकेला जागा हवी झाली, कारखाना औंध संस्थानात गेला आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली. वाक्य करा : ‘किर्लोस्करवाडी बेळगावात का झाली नाही?’ दुसरा विषय पाण्याचा. मलप्रभा खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेला मिळते. म्हादई त्याच तालुक्यात भीमगडच्या जंगलातून निघते आणि पश्चिमेला गोव्यात जाते. एकाच तालुक्यातला पाऊस दोन समुद्रांना का जातो, एवढंच सांगा. फळ्यावर खडूनं एक उभी रेघ घाटमाथ्याची आणि दोन बाण काढले की पुरे. धोका एकच, दुसऱ्या मिनिटाला हे भाषण पाणीवाटपाच्या वादात घसरतं. तिकडे जाऊ नका. तिसरा, कुमार गंधर्व. जन्म 8 एप्रिल 1924, सुळेभावी, बेळगावपासून इतकं जवळ. क्षयामुळे वर्षानुवर्षं गाता आलं नाही, आणि बरे झाल्यावर गाणं वेगळंच झालं. गाणं वाजवून दाखवायचं असेल तर वीस सेकंदांपेक्षा जास्त नको, आणि फोन आधी स्पीकरला जोडून बघा. कुंदा घेणार असाल तर ‘दूध करपलं आणि कुंदा झाला’ ही गोष्ट सांगू नका, सगळेच सांगतात. साधा पेढा पांढरट आणि कुंदा तपकिरी का, हे एखाद्या हलवायाच्या भट्टीपाशी उभं राहून बघा आणि तेच बोला.

आता ज्यावरून माझं कित्येक मार्गदर्शकांशी वाजतं ते. ते म्हणतात, गावाकडचे विषय लहान, त्यावर बक्षीस मिळत नाही, पुण्या-मुंबईकडचं काहीतरी घ्यावं आणि भाषाही तिकडची लावावी. मग चार पानी तयार भाषण हातात देतात. त्यात ‘सन्माननीय व्यासपीठ, गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ पासून शेवटच्या कवितेपर्यंत सगळं छापील असतं. त्या पोराला घरी ‘काय करूलास’ म्हणणारी आजी असते आणि भाषणात तो ‘तद्वतच’ म्हणतो. ऐकणाऱ्याला तिसऱ्या वाक्यालाच कळतं की हे याचं नाही. मी गुण देताना स्वच्छ उच्चार बघतो, वाक्य पूर्ण होतं का बघतो, पण इकडच्या बोलीचा हेल लागला म्हणून एकही गुण कापत नाही आणि कोणी कापू नये. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी इथल्या मराठीला कोणापुढे ओशाळायचं कारण नाही. जी. ए. कुलकर्णी चिकोडीजवळच्या एकसंब्याचे, इंदिरा संत बेळगावच्या, पु. ल. देशपांडे इथल्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते. विषयाची मोठी-लहान प्रत गावावरून ठरवणं हा निव्वळ आळस आहे. लहान विषयाला खणावं लागतं, मोठा विषय तयार मिळतो, म्हणून मार्गदर्शकांना तो आवडतो.

आता दोन-चार गोष्टी ज्या आधी सांगायला हव्या होत्या. गुण कशाला आहेत ते विचारा. काही ठिकाणी पाठांतर आणि हावभावाला निम्मे गुण असतात. तिथे पोस्टकार्ड नेऊ नका, साडेचारशे शब्द पाठ करा, विषय मात्र हाच चालेल. विषय सरांनीच ठरवून दिला, समजा ‘पर्यावरण’, तरी त्याच्या आत शिरून नदीचं वाक्य बसवता येतं. वर्गात कन्नड किंवा उर्दू घरातली मुलं असतील तर वार, वर्गणी, समझोता असे शब्द पहिल्यांदा येतील तिथे सोप्या शब्दांत उलगडा, वेगळा खुलासा करत थांबू नका. बोलताना हात थरथरत असतील तर दोऱ्याचा प्रयोग मित्राकडे द्या. थरथरत्या हातात दोरा जास्तच दिसतो. घरी घड्याळ लावून मोठ्यानं, उभं राहून बोला. मनात वाचलेलं भाषण नेहमी कमी वेळाचं वाटतं.

आणि विषयाचं वाक्य ठरलं की लगेच सरांना दाखवून नाव लिहून घ्या. दोघांनी एकच विषय आणला तर नंतर बोलणाऱ्याला पहिलं सगळं गाळावं लागतं. सूत आधीच कोणी घेतलं असेल तर किर्लोस्कर रोड आहेच.